शून्य वर, पाणी खाली

आलेख या वस्तूशी मध्यमवर्गीय माणसाची पहिली गाठ बहुधा तापात पडते. इस्पितळातल्या खाटेच्या पायथ्याशी एक पाटी टांगलेली असते. तिच्यावरच्या कागदावर एक रेघ चढत-उतरत गेलेली असते. भेटायला आलेला माणूस हातातली मोसंबी ठेवतो, आधी त्या पाटीशी जातो, चष्मा वर-खाली करीत रेघ वाचतो आणि मग रोग्याकडे वळून म्हणतो, "काल रात्री जरा जास्तच होता म्हणायचा!" रोगी बिचारा "आता बरं वाटतंय" असं सांगत असतो, पण त्याला कोण विचारतो? रेघेला जे वाटतं ते खरं.

दुसरी गाठ कचेरीत पडते. मी नोकरीत होतो त्या काळात साहेबांच्या खुर्चीमागे एक तक्ता असायचाच. त्यावरची रेघ डावीकडून उजवीकडे आणि खालून वर जायची. रेघ वर गेली तर साहेबांची कर्तबगारी. खाली आली तर पाऊस कमी. सलग दोन वर्षं खालीच आली, तर तक्ता उतरवून तिथे कॅलेंडर लावीत.

या सगळ्या उद्योगाचा जनक विल्यम प्लेफेअर नावाचा एक स्कॉटिश गृहस्थ. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटकडे तो एके काळी नकाशे काढायच्या कामावर होता. १७८६ साली त्यानं इंग्लंडच्या व्यापारावर एक पुस्तक काढलं आणि त्यात आकड्यांच्या जागी रेघा छापल्या. स्कॉटलंडचा हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा त्याच्याजवळ आकडे एकाच वर्षाचे. एका वर्षाची रेघ काढणार कशी? मग त्यानं रेघेचा नाद सोडून पट्टे काढले. पुढे १८०१ साली भाकरीचे चतकोर करावेत तसं वर्तुळ कापून दाखवलं. म्हणजे आज वर्तमानपत्रांत निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी जे जे छापतात, ते बहुतेक सगळं या एका माणसानं दोनशे वर्षांपूर्वीच उरकलेलं होतं. आपण फक्त रंग भरले.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की गेल्या आखाजीला मी ताईकडे चिखली तालुक्यात गेलो होतो, आणि तिथे माझा भाचा विहिरीचा आलेख काढत बसला होता.

बुलढाणा जिल्ह्यात माणसाला जात, गाव, आडनाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारतात: "घाटावरचे की घाटाखालचे?" खामगाव, मलकापूर, शेगाव घाटाखाली, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. ताईचं सासर घाटावरचं. तिथे भाऊजींची एक विहीर आहे, आणि त्या विहिरीची एक वही आहे. १९७२ च्या दुष्काळात भाऊजींच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, विहीर दोन परस खोल नेली आणि त्याच साली वही घातली. सूर्याचं नक्षत्र बदललं, की आबा दोर घेऊन विहिरीवर जात, पाणी किती परसांवर आहे ते मोजत आणि लिहून ठेवत. आबा गेल्यावर वही भाऊजींकडे आली. वर्षाला सत्तावीस नक्षत्रं, सत्तावीस नोंदी. आणि वर्षं पन्नासाहून जास्त. घरात गीतेची प्रत असावी त्या मानानं ही वही देवळीत ठेवलेली असते.

भाचा शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला आणि आता पुण्याला असतो. चार दिवसांच्या सुटीत त्यानं ती वही कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि एका तयार प्रोग्रॅमकडून पाच मिनिटांत आलेख काढून घेतला. भाऊजींना बोलावलं. भाऊजींनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं,

"हे डोंगर कायचे?"

"बाबा, हे आपलं पाणी."

"मे महिन्यात एवढं पाणी? कोण्या गावचं?"

प्रकार असा होता, की वहीत पाण्याची खोली लिहिलेली. पाणी जितकं खाली, तितका आकडा मोठा. आकडा जितका मोठा, तितकी आलेखातली रेघ उंच. त्यामुळे भर उन्हाळ्यात रेघ आभाळाला टेकायची आणि भाद्रपदात विहीर तुडुंब भरली की जमिनीवर लोळायची. भाऊजींच्या जन्माचे सगळे दुष्काळ त्या पडद्यावर हिमालयासारखे उभे होते.

दुसरं, त्या प्रोग्रॅमचं वर्ष जानेवारीत सुरू व्हायचं. शेतकऱ्याचं वर्ष मृगाला सुरू होतं. जानेवारी हा भाऊजींच्या दृष्टीनं तुरीचा महिना आहे, वर्षाचा पहिला महिना नव्हे.

तिसरं, २०१६ साली रेघेनं एकदम उडी मारली होती. भूकंप वगैरे काही नाही. त्या साली वही परसांतून मीटरमध्ये गेली होती. भाच्यानं ही अडचण पुण्यातल्या मित्राला फोनवर सांगितली, तर तो म्हणाला, "परस म्हणजे घरामागची जागा ना? तिच्यात विहीर मोजतात?" ज्यांच्या घरामागे दुसऱ्याचं घरच असतं त्यांना परस म्हणजे पुरुषभर खोली हे कुठून कळणार!

आणि चौथं सगळ्यांत मोठं. २०१५ च्या मृगापासून पुढच्या रोहिणीपर्यंत वहीत नोंदच नव्हती. सत्तावीस घरं कोरी. त्या प्रोग्रॅमनं कोऱ्या घरांना शून्य मानलं. शून्य खोली म्हणजे पाणी काठाशी! म्हणजे ज्या वर्षी मराठवाडा-विदर्भात गुरांना पाणी मिळेना, त्या वर्षी आमच्या भाऊजींची विहीर आलेखात वर्षभर काठोकाठ भरलेली. एखाद्या अधिकाऱ्यानं पाहिलं असतं तर त्यानं भाऊजींचा सत्कार केला असता.

भाऊजी एवढंच म्हणाले, "बाबू, हे आपली विहीर नोहे."

मग भाच्यानं ठरवलं, की आलेख मापाचा शिवायचा. कपड्याच्या दुकानात तयार सदरे असतात, बहुतेकांना होतात. पण एखाद्याचा एक खांदा उतरलेला असतो, त्याला शिंप्याकडेच जावं लागतं. कॉम्प्युटरवर हा शिंप्याचा धंदा करायला हत्यारपेट्या मिळतात. भाच्याच्या पेटीचं नाव क्यूटी. तिचे जन्मदाते उच्चार मात्र ‘क्यूट’ असा करतात. १९९१ च्या सुमाराला नॉर्वेतल्या दोघांनी तिच्यावर काम सुरू केलं आणि १९९५ च्या मे महिन्यात ती जगापुढे ठेवली. नावात क्यू का? तर दोघांपैकी एकाच्या पडद्यावर ते अक्षर देखणं दिसायचं म्हणून! आपल्याकडे पाळण्यातल्या नावासाठी रास, चरण, आत्याचा रुसवा एवढं सगळं सांभाळावं लागतं.

या पेटीत बटणं, याद्या, सरकपट्ट्या असं पुष्कळ सामान तयार मिळतं. जे मिळत नाही त्यासाठी एक रिकामा चौकोन देतात. त्याला विजेट म्हणतात. त्यात काय काढायचं ते तुमचं तुम्ही बघा. गंमत म्हणजे या चौकोनाला स्मरणशक्ती नसते. तुम्ही एकदा चित्र काढलं आणि सुटलात, असं नाही. खिडकी लहान केली, मोठी केली, मिटून पुन्हा उघडली, की आतून आरोळी येते: "काढा पुन्हा!" आणि पहिल्या रेघेपासून शेवटच्या टिंबापर्यंत सगळं पुन्हा काढावं लागतं. भाचा हे मोठ्या कौतुकानं समजावून सांगत होता. ताई म्हणाली, "यात काय नवल हाये? मी चाळीस साल झाले रोज सकाळी अंगणात रांगोळी काढून राह्यली. सांजेपर्यंत कोंबड्या पुसून टाकतात."

भाचा म्हणाला, "आई, हे सेकंदात पन्नास वेळा काढावं लागलं तरी चालतं."

"मंग त्याच्या घरी कोंबड्या लय असतील."

त्यातही एक युक्ती आहे. चित्र डोळ्यांदेखत काढत बसलं तर पडदा लुकलुकतो. म्हणून ते आधी आत, न दिसणाऱ्या जागी पुरं करतात आणि मग एकदम समोर आणून ठेवतात. नाटकात पडद्यामागे दिवाणखाना लावतात आणि मग पडदा उघडतात, तसं. फरक इतकाच, की आमच्याकडच्या नाटकांत पडदा उघडल्यावरही एक जण खुर्ची घेऊन पळताना दिसतो.

पुढचं सगळं गणित म्हणजे आपलं शाळेतलं त्रैराशिक. विहिरीची खोली पंधरा मीटर धरली आणि पडद्यावर उभ्या साडेचारशे टिंबांची जागा दिली. तर एका मीटरला टिंबं किती? तीस. पाणी सात मीटरवर असलं तर टिंब कितवं? दोनशे दहावं. वर मथळ्यासाठी चाळीस सोडली तर अडीचशेवं. बस्स! ज्या त्रैराशिकापायी आमच्या पिढीनं हातावर छड्या खाल्ल्या, त्याच्यावरच पुण्याच्या पोरांचे पगार चालले आहेत. फक्त आता ते चुकलं तर छडी पडत नाही, नवीन आवृत्ती निघते.

उभ्या पट्टीवर आकडे कुठे कुठे लिहायचे यालाही शास्त्र आहे. तीन, सहा, नऊ असे टप्पे डोळ्यांना बोचतात. म्हणून आलेखवाले एक, दोन, पाच आणि त्यांची दहापट, शंभरपट एवढेच टप्पे वापरतात. भाच्याला हे मोठं गूढ वाटत होतं. मी खिशातून पाकीट काढलं आणि म्हटलं, "दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे. तुमच्या शास्त्रातलं काही राहिलं असेल तर सांग." दोनशेची नोट २०१७ साली आली तेव्हा लोकांनी तिच्या रंगाला नावं ठेवली, पण टप्पा भरून निघाला याबद्दल रिझर्व्ह बँकेचं कुणी अभिनंदन केल्याचं ऐकिवात नाही.

खरी मजा आली ती शून्यावरून. कॉम्प्युटरच्या पडद्यावर शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं. तिथून उजवीकडे आणि खाली मोजत जायचं. जुन्या काचेच्या नळीतला किरण वरून खाली, ओळीओळीनं चित्र काढायचा, त्या वळणावरच पडदा पुढे चालत राहिला. त्यामुळे जगात कुठेही कुणी आलेख काढायला बसला, की त्याला पहिलं काम असतं ते सगळं उलटं करायचं. नाहीतर नफा वाढला की रेघ खड्ड्यात! भाचा भाऊजींना हेच सांगत होता. "बाबा, हा मोठा ताप असतो. शून्य वर असतं आणि आकडा वाढला की खाली जातो."

भाऊजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की याची फी फुकट गेली.

"मंग विहिरीचं कसं असते?"

भाचा गप्प झाला. खरंच, विहिरीचं शून्य काठाशी असतं आणि आकडा खाली वाढतो. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा निरीक्षण विहिरींतलं पाणी जमिनीपासून खालीच मोजते. लंडन-न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांना जो पडदा उलटा पडतो, तो आमच्या चिखली तालुक्याला मात्र जन्मतः सुलटा आहे. भाच्यानं उलटं करायची ओळ पुसून टाकली. हिमालय पालथा झाला, पाणी पाण्याच्या जागी गेलं.

"आणि काठापासून तळापर्यंत सगळी विहीर दिसली पाह्यजे," भाऊजी म्हणाले. हे त्यांनी फार मोलाचं सांगितलं. पट्टीचा थोडाच भाग घेतला तर हातभर पाणी महापुरासारखं दिसतं. भलतीच लांब पट्टी घेतली तर दुष्काळ सपाट होऊन जातो. आयुष्यभर साहेबांच्या खुर्चीमागचे तक्ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आडव्या पट्टीला भाच्यानं महिने काढून नक्षत्रं लावली. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, त्यामुळे घरं सारखी येत नाहीत. एकेक मोजून आखावं लागतं. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य... अशी नावं पडद्यावर ओळीनं उमटली, तेव्हा भाऊजी पहिल्यांदा खुर्ची ओढून जवळ बसले.

आता राहिला परस. एक परस म्हणजे मीटर किती? पुस्तकात पाहून उपयोग नव्हता. आबांनी दोन्ही हात पसरून दोराला गाठी मारलेल्या होत्या. म्हणजे आबांची वाव तोच आबांचा परस. वाव आणि उंची बहुतेक माणसांत जवळजवळ सारखीच असते. म्हणजे जुन्या सगळ्या नोंदींचं माप हे एका माणसाच्या अंगाचं माप होतं, आणि तो माणूस तर गेलेला.

"दोर कुठे आहे?" भाच्यानं विचारलं.

भाऊजी म्हणाले, "हारपला. म्हणून तं टेप आणला."

ताई उठली. आतल्या खोलीत गेली. कणगीचं झाकण वाजलं. थोड्या वेळानं ती गाठींचा दोर घेऊन आली आणि भाच्याच्या समोर ठेवला. दोराला दाणे चिकटलेले होते.

"कणगीत कसा गेला हा?" भाऊजींनी विचारलं.

ताई दाणे निवडत म्हणाली, "दोन हजार पंधरापासून तिथंच हाये. मीच ठेवला."

कुणी काही बोललं नाही. त्या साली विहिरीला तळ दिसत होता, सोयाबीन हाती लागलं नव्हतं, आणि भाऊजी सांजच्याला दोर घेऊन विहिरीवर जायचे ते अंधार पडला तरी परतायचे नाहीत. आमच्या बाजूच्या बाईमाणसाला एवढ्यावरून पुढचं सगळं समजतं. ताईनं दोर लपवला. भाऊजींनी शोधला, नाही सापडला, आणि वही कोरी राहिली. पुढच्या मृगाला त्यांनी चिखलीहून टेप आणला. दहा वर्षं दोघं एका घरात होती आणि हा विषय कणगीत होता.

भाऊजींनी दोर हातात घेतला, एक गाठ चाचपली आणि म्हणाले, "मोज रे बाबू."

एक मीटर बासष्ट. आबा बुटके होते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आता ते दशांशासह ठाऊक झालं. भाच्यानं तो आकडा टाकला आणि २०१६ ची उडी नाहीशी झाली. दोराची रेघ आणि टेपाची रेघ एकमेकींना नीट जुळल्या.

राहिली ती सत्तावीस कोरी घरं. भाचा म्हणाला, अलीकडचं टिंब आणि पलीकडचं टिंब सरळ रेघेनं जोडून टाकता येतात. पुष्कळ लोक तसंच करतात, कळतसुद्धा नाही. भाऊजी ताईकडे पाहून म्हणाले, "जोडू नको. तुटकच राहू दे." तेव्हा त्या आलेखात २०१५ च्या जागी रेघ थांबते, आणि एका बोटाएवढी पांढरी जागा सोडून पुढे चालू लागते. शून्य वेगळं आणि नोंद नसणं वेगळं, हे शिकवायला कॉलेजात एक तास लागतो म्हणे. त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही.

ताईनं दोर पुन्हा कणगीत ठेवला नाही. खुंटीला अडकवला.

आलेखाच्या उजव्या बाजूला भाच्यानं पुढच्या नोंदींसाठी थोडी जागा मोकळी सोडली होती. आखाजीचेच दिवस; त्या जागेत काय येणार याची चर्चा घाटाखाली जोरात चालू होती. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात गोल आखून अठरा प्रकारचं धान्य मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, तिच्यावर पुरी-पापड-कुरडई. राजाच्या नावाचं पान-सुपारी वेगळं. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातली मंडळी, कोणता दाणा हलला, कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून सालाचा अंदाज सांगतात. परंपरा तीनशेहून अधिक वर्षांची सांगतात. म्हणजे प्लेफेअरच्या पट्ट्यांआधीपासून आमच्या जिल्ह्यात मापाचा आलेख आहे, आणि तोही खाण्याच्या वस्तूंचा! विज्ञानाचा त्याला आधार नाही, असं विवेकवादी मंडळी दर वर्षी बजावतात, आणि ते खरंच आहे. पण ऐकायला गर्दी मात्र हटत नाही. पेरणीआधी आपल्याशी कुणीतरी पुढल्या सालाबद्दल दोन शब्द बोलावं, एवढीच शेतकऱ्याची भूक असते.

भाऊजींनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "ही किती सालांची?"

"एका."

"एका सालानं काय होते? दहा सोड."

भाच्यानं एक आकडा बदलला. रेघ डावीकडे सरकली आणि उजवीकडे दहा मृगांची जागा मोकळी झाली.

इथवर सगळं ठीक होतं. पण खेड्यात बातमी विहिरीच्या पाण्यापेक्षा लवकर पाझरते. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर चौघे जण वह्या घेऊन हजर. "आमच्याबी विहिरीचं काढून द्या." वह्या सगळ्यांच्या परसांत, आणि परस प्रत्येकाचा निराळा, कारण एकाचे आजोबा पहिलवान होते, एकाचे पाठीत वाकलेले, आणि एकाच्या घरी तर दोराला आजीनं गाठी मारलेल्या. भाचा पुण्याला परत गेलाय आणि त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती करतोय. तीत म्हणे विहिरीचं नाव विचारायच्या आधी आजोबांची उंची विचारतात.